चाक थांबलं की शाळा सुरू

तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही पुढच्या बाजूला, खिडकीशी बसला आहात असं समजा. अंतर फार नाही, साधारण 40 किलोमीटर. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, मधेच केळीची बाग, मग अचानक दाटीवाटीचं एखादं गाव आणि पुन्हा शेतं. तुम्ही मोबाइल काढता, दोन-चार रील बघता आणि तुम्हाला डुलकी लागते. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाकडे तुमचं लक्षही जात नाही. लक्ष जाऊ नये, हीच तर त्याच्या कामाची पावती!

पण आज जरा त्याच्याकडे बघा आणि मनात एक प्रश्न विचारा. या माणसाला गाडी चालवण्याबद्दल कोणीतरी काहीतरी शिकवलं, ते शेवटचं कधी?

शिक्षकांची सुट्टीत प्रशिक्षणं होतात. डॉक्टर परिषदांना जातात. बँकेत नवीन सॉफ्टवेअर आलं की कर्मचाऱ्यांना आधी ते शिकवलं जातं. तुमच्या हातातला फोनसुद्धा दर काही महिन्यांनी ‘अपडेट करा’ म्हणून मागे लागतो. मग 12 टनांची गाडी आणि 50 माणसांचे जीव ज्याच्या हातात आहेत, त्याचं अपडेट कोण करतं?

ही गोष्ट तंजावरची आहे तशीच सोलापूरची, नाशिकची आणि तुमच्या गावच्या एसटी स्टँडचीही आहे. आणि तिचं एक उत्तर चालकाच्या खिशातच आहे. गंमत म्हणजे, ज्या वस्तूवरून आपण चालकांना सगळ्यात जास्त बोल लावतो तीच ही वस्तू: मोबाइल.

बाहुली उठते, लॉरी उठत नाही

तंजावरला गेलात तर तिथली मान डोलावणारी बाहुली नक्की बघा. तमिळमध्ये तिला ‘तलैयाट्टी बोम्मै’ म्हणतात. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. त्यातला एक प्रकार राजा-राणीचा असतो. ही बाहुली तुम्ही कितीही आडवी पाडा, ती डोलत डोलत पुन्हा उभी राहते. कारण साधं आहे. तिचा तळ गोल आणि जड असतो, वरचा भाग हलका. सगळं वजन खाली असल्यामुळे ती पडूनही पडत नाही.

आता याच तंजावरच्या रस्त्यावरची भाताच्या पेंढ्यानं लादलेली लॉरी डोळ्यांसमोर आणा. पेंढा वजनाला हलका, पण उंची केबिनच्याही वर. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. वळणावर थोडा वेग जास्त झाला, एक चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं, की गाडी कलते. ती बाहुलीसारखी परत उभी राहत नाही. टँकरचं तर आणखी वेगळं असतं. टाकी अर्धीच भरलेली असेल तर आतलं द्रव वळणावर एका बाजूला धावतं आणि गाडीला आपल्याबरोबर ओढतं.

अनुभवी चालकाला हे हाताला कळलेलं असतं. पण ‘हाताला कळणं’ हे बहुतेक वेळा एखादी गाडी कलंडता कलंडता वाचल्यावर येतं. प्रशिक्षणाचं काम एवढंच आहे, की तो धडा अपघाताआधी मिळावा. बाहुली टेबलावर ठेवून पाच मिनिटांच्या व्हिडिओत ही गोष्ट समजावता येते. त्यासाठी कोणाला लॉरी उलटवावी लागत नाही.

गाडी बदलली, रस्ता बदलला, सवय तीच

‘वीस वर्षं गाडी चालवतोय, मला काय शिकवता?’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यात स्वाभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण एक उदाहरण बघू.

जुन्या गाड्यांमध्ये ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम व्हायची आणि गाडी घसरायची. म्हणून त्या पिढीचे चालक ब्रेक थोडा थोडा दाबून सोडायला शिकले. ते शहाणपणाचं होतं. आता नव्या गाड्यांमध्ये एबीएस असतं. चाकं जाम होऊ न देण्याचं काम ती यंत्रणा स्वतः करते, तेही माणसाच्या पायापेक्षा कितीतरी वेगानं. अशा गाडीत संकटाच्या वेळी ब्रेक घट्ट दाबून धरायचा असतो आणि स्टिअरिंगनं अडथळा चुकवायचा असतो. इथे जुन्या सवयीनं ब्रेक सोडला तर थांबण्याचं अंतर उलट वाढतं. म्हणजे काल जे कौशल्य होतं, तेच आज चूक ठरू शकतं. ही गोष्ट कोणी सांगितल्याशिवाय कळणार कशी?

एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 गाड्या आल्या. ट्रक-बसमध्ये डिझेलबरोबर डीईएफची, म्हणजे युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. ती रिकामी झाली की इंजिनाची ताकद कमी होते. तिच्यात पाणी घालून वेळ मारून नेली तर दुरुस्तीचा मोठा खर्च मालकाच्या गळ्यात पडतो. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. दंड वाढले आणि गाडी चालवताना हातात फोन धरणं हे ‘धोकादायक वाहन चालवण्यात’ मोडू लागलं. फास्टॅग आलं, गाडीचा माग ठेवणारी यंत्रं आली.

शिवाय रस्ताही जागोजागी वेगळा असतो. कावेरीच्या खोऱ्यातला चालक सपाट रस्त्यावर तरबेज असतो. कापणीच्या दिवसांत शेतकरी रस्त्यावरच धान्य वाळत घालतात, पेंढ्यावरून चाक घसरतं, हे त्याला ठाऊक असतं. ऑगस्टच्या शेवटी वेलांकन्नीच्या जत्रेसाठी पायी निघालेले भाविक रात्री रस्त्याच्या कडेनं चालत असतात, हेही तो जाणतो. पण हाच चालक माल घेऊन मुंबईकडे निघाला आणि खंबाटकी किंवा खंडाळ्याच्या घाटाच्या तोंडाशी आला, की कसोटी लागते. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटी लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, हा घाटातल्या चालकांचा जुना नियम सपाट प्रदेशातल्या माणसाला कोणीतरी सांगायला हवा.

उलटही तितकंच खरं आहे. नाशिकहून कांदा घेऊन दक्षिणेत जाणाऱ्या मराठी चालकाला घाट पाठ असतो. पण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तमिळनाडूच्या किनारी भागात ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं. आपल्याकडे पाऊस सरला, दिवाळी आली, की तिकडे चक्रीवादळांचे दिवस सुरू होतात. नोव्हेंबर 2018 मध्ये ‘गज’ वादळानं तंजावर जिल्ह्यातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या होत्या. अशा दिवसांत रस्त्यावर साचलेल्या पाण्यात टायरची पकड कशी सुटते आणि तेव्हा नेमकं काय करायचं नाही, हा धडा तिकडे निघण्याआधी मिळाला तर जीव वाचतो.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये भारतात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. सगळ्यात जास्त अपघात तमिळनाडूत झाले, 64,105. यातले सगळे काही लॉरी-बस चालकांच्या चुकीमुळे झालेले नाहीत. अनेकदा तेही त्यात बळी असतात. पण मोठ्या गाडीची छोटी चूकसुद्धा मोठी होते, एवढं नक्की.

मग आपल्याकडे चालकाचं शिक्षण कसं होतं? सुरुवातीचं शिक्षण हळूहळू नीट होत आहे. 1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम लागू झाले. त्यात अवजड वाहनासाठी 38 तासांचा अभ्यासक्रम आहे आणि तो सहा आठवड्यांत पूर्ण करायचा असतो. पुण्यात कासारवाडीला नाशिक फाट्याजवळ चालक प्रशिक्षण आणि संशोधन संस्था आहे. भोसरीत एसटी महामंडळाची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. तमिळनाडूत चेन्नईच्या तारामणीत रस्ते परिवहन संस्था आहे आणि गुम्मिडिपूंडीला तिची अवजड वाहनांची शाळा आहे. नामक्कल म्हणजे लॉरीवाल्यांची पंढरीच. तिथे अशोक लेलँडचं चालक प्रशिक्षण केंद्र आहे.

प्रश्न पुढचा आहे. लायसन्स हातात आल्यावर काय?

व्यावसायिक वाहनाचं लायसन्स पूर्वी तीन वर्षांनी नवं करावं लागायचं, 2019 च्या दुरुस्तीनंतर ते पाच वर्षांनी करावं लागतं. त्यासाठी अर्ज, शुल्क आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. उजळणीच्या वर्गाला बसलंच पाहिजे अशी सरसकट अट मात्र केंद्रीय कायद्यात नाही. ज्याचं लायसन्स निलंबित झालं त्याला उजळणी अभ्यासक्रम करावा लागतो. म्हणजे शाळा आहे, पण शिक्षा म्हणून!

एक गट याला अपवाद आहे. पेट्रोल, गॅस, रसायनं असा धोकादायक माल वाहणारे चालक. त्यांना आधी तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यांच्या लायसन्सवरची ही परवानगी तीन वर्षांची असते आणि ती नवी करायची तर एक दिवसाचा उजळणी वर्ग करावाच लागतो. टँकरच्या मागे तुम्ही एक पाटी पाहिली असेल, तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. अपघात झाला तर अग्निशमन दल आधी तो आकडा वाचतं. हे सगळं चालकाला माहीत असावं म्हणून ही सक्ती आहे.

टँकरवाल्याला लागू असलेली ही समज शाळेच्या सहलीची बस चालवणाऱ्याला का लागू नसावी?

आठवड्याला फक्त आठ मिनिटं

युरोपात हा प्रश्न वीस-एक वर्षांपूर्वीच हाताळला गेला. 2003 मध्ये युरोपीय संघानं एक नियम केला. बसचालकांना तो सप्टेंबर 2008 पासून आणि लॉरीचालकांना सप्टेंबर 2009 पासून लागू झाला. प्रत्येक व्यावसायिक चालकानं दर पाच वर्षांत 35 तासांचं प्रशिक्षण घ्यायचं. ते घेतलं की लायसन्सवर ‘95’ हा आकडा येतो. तो नसेल तर पोटासाठी गाडी चालवता येत नाही. चालक कितीही जुना असो, त्याला सूट नाही.

सुरुवातीला तिकडेही कुरकुर झालीच. दिवसभर वर्गात बसायचं, रोजगार बुडवायचा, वर फी भरायची. मग ऑनलाइनचा विचार आला. 2018 मध्ये नियमात बदल झाला आणि 35 पैकी जास्तीत जास्त 12 तास ऑनलाइन करता येतील असं ठरलं. हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता जरा हिशेब करू. पाच वर्षांत 35 तास म्हणजे वर्षाला सात तास. आठवड्याला साधारण आठ मिनिटं. फक्त आठ! सिनेमाच्या दोन गाण्यांएवढा वेळ.

आपल्या लॉरीवाल्याकडे आठवड्याला आठ मिनिटं नाहीत का? तंजावर भागात कापणीच्या दिवसांत सरकारी भात खरेदी केंद्रांवर, गिरण्यांवर, गोदामांपुढे लॉऱ्यांच्या रांगा लागतात. माल चढेपर्यंत, उतरेपर्यंत तासन्‌तास वाट बघावी लागते. तेव्हा चालक काय करतो? केबिनमध्ये आडवा होतो आणि फोन बघतो. तोच फोन, तोच वेळ. आठ मिनिटांचा एक धडा तिथे सहज बसतो.

फोनवर शिकणं आपल्याकडे नवीनही नाही. 2021 पासून शिकाऊ लायसन्ससाठी घरबसल्या परीक्षा देता येते आणि त्याआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो. सुरुवात करणाऱ्याला जे चालतं, ते वीस वर्षं चाक हातात असलेल्याला का चालू नये?

कानाची भाषा, डोळ्यांची भाषा

इथे तंजावर आपल्याला एक वेगळी गोष्ट शिकवतं.

सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले आणि त्यांच्याबरोबर मराठी माणसं तिथे स्थायिक झाली. आजही तिथल्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते. आपल्यापेक्षा वेगळी, तमिळ वळणाची, पण मराठीच. शाळा मात्र तमिळ किंवा इंग्रजी. त्यामुळे असे अनेकजण आहेत ज्यांना मराठी ऐकली की कळते, पण देवनागरी झरझर वाचता येत नाही. वाचायचं तर तमिळच सोपं जातं.

म्हणजे कानाची भाषा एक आणि डोळ्यांची दुसरी. आणि हे फक्त तंजावरच्या मराठी घरांत होतं असं नाही. देशभरातल्या कितीतरी चालकांचं असंच आहे. घरात एक बोली, शाळेत दुसरी भाषा, हायवेवर हिंदी आणि कागदपत्रं इंग्रजीत. त्यातून अनेकांची शाळा लवकर सुटलेली असते. व्यावसायिक लायसन्ससाठी पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती 2019 मध्ये काढून टाकली गेली. गरीब घरातल्या कसबी चालकांसाठी ही चांगलीच गोष्ट झाली. पण मग प्रशिक्षणाचीही भाषा बदलायला हवी. जड शब्दांनी भरलेली चाळीस पानांची पीडीएफ पाठवून ‘प्रशिक्षण पूर्ण’ म्हणणं ही चालकाची नाही, शिकवणाऱ्याची नापासी आहे.

तंजावरच्या सरफोजीराजांनी, दुसऱ्या सरफोजींनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे ओळखलं होतं. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना आणला आणि इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावानं मराठीत छापवून घेतल्या. दूरदेशीचं शहाणपण आपल्या माणसांना हवं असेल तर ते आपल्या भाषेत आणि गोष्टीच्या रूपात यावं, एवढी साधी समज त्यामागे होती.

चालकांच्या ऑनलाइन धड्यालाही तेच लागू पडतं. मजकूर कमी, आवाज जास्त. त्याच्या बोलीत. त्याच्या ओळखीच्या रस्त्यावर चित्रित केलेला. प्रश्नही कलम क्रमांकाचे नकोत, प्रसंगाचे हवेत: ‘संध्याकाळ आहे, समोरून ट्रॅक्टर येतोय, त्याच्या मागे काय आहे दिसत नाही. तुम्ही ओव्हरटेक कराल का?’ असा प्रश्न ऐकला की ड्रायव्हर सरसावून बसतो. कारण या विषयात त्याला बोलायचं असतं.

रस्त्यावरच्या खुणांनी हा भाषेचा प्रश्न कधीच सोडवला आहे, बघा. त्रिकोण म्हणजे सावधान, गोल म्हणजे आज्ञा, चौकोन म्हणजे माहिती. लाल अष्टकोन दिसला की थांबा. अक्षर वाचता आलं नाही तरी आकार वाचता येतो. लातूरच्या चालकाला तंजावरात तमिळ पाटी कळत नाही, पण त्रिकोण कळतो.

पडद्यावर काय शिकता येतं, काय नाही

आता त्या 12 तासांकडे परत येऊ. युरोपानं 35 च्या 35 तास ऑनलाइन का केले नाहीत? कारण काही गोष्टी पडद्यावर शिकता येत नाहीत.

खुणा आणि नियम, नव्या यंत्रणा, माल कसा बांधायचा याची तत्त्वं, डिझेल वाचवायच्या युक्त्या, झोप आणि थकव्याचं विज्ञान, हे सगळं फोनवर उत्तम शिकता येतं. साधं उदाहरण घ्या. ताशी 60 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. तीन सेकंद फोनकडे बघितलं तर गाडी 50 मीटर आंधळी धावली. वेग दुप्पट झाला तर गाडी थांबवायला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. हे एकदा चित्रात पाहिलं की विसरत नाही. पहाटे दोन ते चारच्या सुमारास शरीर स्वतःहून झोपेकडे ओढतं, तेव्हा चहा, तंबाखू किंवा मोठ्या आवाजातली गाणी फक्त वेळ ढकलतात. खरा उपाय एकच, गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं डोळे मिटणं. हेही समजावून सांगता येतं.

पण गाडी मागे घेताना आरशात बघून अंदाज कसा घ्यायचा, ओल्या मैदानावर एबीएस लागल्यावर ब्रेकचं पेडल पायाखाली कसं थरथरतं, आगीवर फवारणी कुठून करायची, जखमीच्या छातीवर दाब किती द्यायचा, हे हातानंच शिकावं लागतं. पोहण्याचा व्हिडिओ बघून कोणी पोहायला शिकत नाही. म्हणून ऑनलाइन धडा हा मैदानावरच्या प्रशिक्षकाची जागा घेण्यासाठी नाही, त्याचा वेळ वाचवण्यासाठी आहे. पुस्तकी भाग फोनवर होऊन गेला, की वर्षातून मिळणारा एक दिवस पूर्णपणे गाडीवर घालवता येतो.

प्रथमोपचाराचं उदाहरण बोलकं आहे. तमिळनाडूत डिसेंबर 2021 पासून एक योजना सुरू आहे. अपघातात सापडलेल्या माणसावर पहिले 48 तास मोफत उपचार होतात. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केंद्रीय कायद्यातही संरक्षण आहे. हे चालकाला माहीत असेल तर तो घाबरून पळण्याऐवजी थांबेल. हे ‘माहीत असणं’ आठ मिनिटांत होतं. पण रक्त थांबवणारा हात तयार व्हायला सराव लागतो.

वेळ कोणाचा?

ऑनलाइन प्रशिक्षणाची एक वाईट बाजूही आहे. ते स्वस्त असतं, म्हणून ते चालकाच्या माथी मारणं सोपं जातं. ‘घरी जाऊन बघून घ्या’ म्हटलं की झालं. पण घरी जाऊन म्हणजे केव्हा? 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा घातली होती, पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांतीही सांगितली होती. रस्त्यावर काय चालतं हे कोणत्याही ढाब्यावर रात्री बसलात तर दिसेल. अशा माणसाच्या झोपेतून तास कापून त्याला ‘थकवा आणि सुरक्षितता’ या विषयावर धडा देणं, यासारखा विनोद नाही.

म्हणून नियम साधे हवेत. शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ धरावा आणि त्याचे पैसे मिळावेत. विश्रांतीच्या वेळेला हात लावू नये. आणि गाडी चालू असताना धडा, मग तो नुसता ऐकण्याचा असला तरी, नाही म्हणजे नाही. चाक थांबलं की शाळा सुरू, चाक फिरलं की शाळा बंद.

एक-दोन गाड्यांचे मालक म्हणतील, आम्हाला हे परवडणार कसं? पण बीएस-6 गाडीत चुकीचं द्रव गेल्यानंतरची दुरुस्ती, घासलेले टायर, एका अपघातानं महिनाभर उभी राहिलेली गाडी, याच्यापुढे वर्षाचे सात तास काहीच नाहीत.

घरातून काय करता येईल?

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचे वडील एसटीत असतील, कोणाचा भाऊ टेम्पो चालवत असेल, कोणाचा नवरा आत्ता या क्षणी कुठल्यातरी हायवेवर असेल. सरकार नियम करेल तेव्हा करेल. तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट फोनचीच. चालकाला गाडी चालवताना येणाऱ्या फोनपैकी बरेच घरचेच असतात. ‘जेवलास का?’ हे प्रेमानं विचारलेलं असतं, पण उत्तर द्यायला नजर रस्त्यावरून उठते. वेळ ठरवून घ्या. तो थांबला की तोच फोन करेल. तातडीचं काही असेल तर एकच मिस्ड कॉल, म्हणजे पुढच्या सुरक्षित जागी थांबून तो उलट फोन करेल.

दुसरी गोष्ट, पहिल्या धड्याला त्याच्या शेजारी बसा. घरच्या वायफायवर व्हिडिओ उतरवून द्या, अक्षरं मोठी करून द्या, इअरफोन द्या. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं आणि माणूस ते कबूल करत नाही. तो फोन हात लांब करून वाचत असेल तर त्याला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. एका चष्म्यानं दोन कामं होतील, पडदाही दिसेल आणि डॅशबोर्डही.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. त्याची परीक्षा तुम्ही देऊ नका. मुलगा हुशार आहे, बाबा दमलेत, दहा प्रश्न पटकन सोडवून टाकले, की प्रमाणपत्र आलं. पण घाटात ब्रेक तापल्यावर ते प्रमाणपत्र खिशात असून उपयोग नाही. त्यापेक्षा जेवताना त्याला त्यातला एक प्रश्न विचारा आणि त्याला सांगू द्या. तुम्हालाही नवीन काही कळेल, आणि त्याला कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्याच्या कामाबद्दल आदरानं विचारलेलं असेल.

आणि प्रवासी म्हणून एक. ‘जरा जोरात घ्या ना, उशीर होतोय,’ हे बसमध्ये ओरडणं बंद करा. उतरताना मात्र ‘छान आणलंत’ म्हणायला काहीच लागत नाही.

कुंभकोणम आलं. गाडी थांबली, माणसं उतरली. चालकानं गळ्यातल्या पंचानं घाम पुसला, पाण्याची बाटली तोंडाला लावली. पुढच्या फेरीला अजून थोडा अवकाश आहे. आता त्यानं खिशातून फोन काढला, तर त्याला लगेच नावं ठेवू नका. कदाचित त्याच्या शाळेची घंटा झाली असेल.